जेवताना होणारे निवाडे

आईबाबांनो,

पहिल्या पापनिवेदनाची तयारी करून घेताना वर्गात कोणीतरी तो प्रश्न विचारतंच. मुलं सात-आठ वर्षांची असतात. दहा आज्ञा घोकून झालेल्या असतात, पश्चात्तापाची प्रार्थना पाठ असते, आणि मग मागच्या रांगेतून एक हात वर होतो : "टीचर, फादर घरी नाही ना सांगणार?" मी सांगते, नाही, कधीच नाही. पापनिवेदनात ऐकलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत. पोलिसांना नाही, बिशपांना नाही, तुझ्या पप्पांना तर नाहीच. ख्रिस्तसभेचा तसा कायदा आहे आणि तो मोडणाऱ्या धर्मगुरूला बहिष्काराची शिक्षा आहे. हे ऐकलं की मुलांचे चेहरे लगेच सैल होतात. ते सैल झालेले चेहरे पाहून मला बरं वाटायला हवं, पण वाटत नाही. देवाला कळलं तर चालेल, घरी कळायला नको, असा त्या प्रश्नाचा सरळ अर्थ आहे.

या मुलांना घरी मारझोड होते असं मुळीच नाही. बहुतेक जण लाडाकोडात वाढतायत. रुसले तर समजूत काढली जाते, वाढदिवसाला केक येतो, परीक्षेत कमी गुण पडले तर चार शब्द ऐकावे लागतात, पण तेवढंच. मग ही धास्ती येते कुठून?

मला वाटतं, ती जेवणाच्या वेळी येते. संध्याकाळची रोझरी होते, ताटं वाढली जातात आणि बोलणं सुरू होतं. अमक्याच्या मुलीने बाहेर लग्न केलं, आता कोणत्या तोंडाने मिस्साला येते कोण जाणे. तमक्याचा मुलगा आखातातली नोकरी घालवून आला, दारू नडली, असल्याला दारातसुद्धा उभं करू नये. पलीकडच्या आळीतली ती नवऱ्याला सोडून राहते, तिच्याकडे नाताळचा फराळ पाठवायची काही गरज नाही. कोणी आवाज चढवत नाही. सगळं अगदी सहज, आमटी वाढता वाढता चाललेलं असतं. मूल भात कालवत असतं. ते काही विचारत नाही, मध्ये बोलत नाही. पण त्याला समजतं की आपल्या घरात काही माणसांचा निकाल कायमचा लागलेला आहे. आणि त्या वयातसुद्धा ते पुढचा विचार करतं : उद्या माझ्या हातून असलं काही झालं, तर याच ताटांभोवती माझ्याबद्दल असंच बोलणं होईल.

हेच तुमच्याशी बोलायचं होतं. मुलांना आपण दयेबद्दल जे शिकवतो ते त्यांच्या डोक्यात किती राहतं, सांगता येत नाही. पण चुकलेल्या परक्या माणसाविषयी आपण घरात काय बोलतो, हे ती विसरत नाहीत. स्वतः चुकली की घरी परत यायचं की नाही, हे ती त्यावरूनच ठरवतात.

उधळ्या पुत्राचा दाखला आपल्याला पाठ आहे. लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय. धाकटा आपला वाटा मागून घेतो, दूर देशी जातो, सगळं उडवतो, दुष्काळ पडतो, आणि मग डुकरं राखताना त्यांच्या शेंगांवरही त्याला पोट भरता येत नाही. बापाने लांबून त्याला पाहिलं, धावत जाऊन मिठी मारली, अंगठी घातली, वासरू कापलं, हे आपण प्रवचनात दर वर्षी ऐकतो. पण त्याच्या आधीचं एक वाक्य आपल्या कानावरून निसटून जातं. उपाशी पोटी त्या मुलाला घर आठवतं, तेव्हा त्याला आठवते ती बापाची माया नाही, आपलं लहानपणही नाही. त्याला आठवतात घरचे मजूर. माझ्या बापाच्या मजुरांनासुद्धा पोटभर भाकरी मिळते आणि उरते, या आठवणीवर तो उठतो आणि चालू लागतो.

म्हणजे परतीची वाट त्या बापाने कित्येक वर्षांपूर्वी बांधून ठेवली होती, आणि तीही मुलाशी वागताना नाही. ज्यांचं काही देणं लागत नव्हता, ज्यांना हिशेबापुरती मजुरी देऊन भागलं असतं, त्यांच्याशी वागताना. मुलाने ते लहानपणी पाहिलं होतं. आपल्यासारख्याला हा माणूस मजुरांत तरी ठेवून घेईल, एवढी त्याला खात्री होती. बाप मजुरांशी कठोर असता, तर पोसलेलं वासरू तसंच राहिलं असतं आणि मुलगा तिथेच, डुकरांच्या खुराड्याशी, संपला असता. मुलगा परतल्यावर बापाने काय केलं याइतकंच, मुलगा घरात असताना बाप परक्यांशी कसा वागत होता हेही या गोष्टीत महत्त्वाचं आहे. आपली मुलं अजून घरात आहेत, तोवर हे लक्षात घेतलेलं बरं.

येशूने हा दाखला कोणापुढे सांगितला, तेही पाहा. परुशी आणि शास्त्री कुरकुर करत होते. त्यांची तक्रार अशी नव्हती की येशू पाप्यांना उपदेश करतो. उपदेशाला त्यांची हरकत नसती. तक्रार होती की हा पाप्यांना जवळ घेतो आणि त्यांच्या पंगतीला बसतो. त्या काळी एका ताटात जेवणं म्हणजे नातं मान्य करणं होतं. आपल्याकडेही कोण कोणाकडे जेवतो यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं तोलली गेली, त्यामुळे ही तक्रार आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. यरीहोतला जक्कय पाहा. जकातदारांचा मुख्य, लोकांना पिळून श्रीमंत झालेला, बुटका, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. येशू खाली थांबतो आणि सगळ्यांदेखत सांगतो की आज मुक्काम तुझ्या घरी. जक्कयने अजून काहीही कबूल केलेलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचं आणि लुबाडलेलं चौपट परत करण्याचं वचन त्याने नंतर दिलं, येशूने त्याच्याकडे उतरायचं ठरवल्यावर. आपण नेमकं उलट करतो. आधी सुधार, मग बघू लग्नाची पत्रिका द्यायची की नाही.

पेत्राचीही गोष्ट याच अंगाने वाचा. त्याने तीन वेळा येशूला नाकारलं होतं. पुनरुत्थानानंतर तिबिर्य सरोवराच्या काठावर, रात्रभर मासेमारी करून थकलेल्या या माणसाला येशू भेटतो, तेव्हा निखारे पेटलेले आहेत, मासळी भाजली जातेय, भाकरी तयार आहे. येशू त्यांना न्याहारीला बोलावतो. योहानाने क्रम स्पष्ट लिहिला आहे : खाऊन झाल्यावर मग पेत्राला ते तीन प्रश्न विचारले गेले. चौकशी टळली नाही, पण आधी पोटात घास गेला. रात्री उशिरा, तोंडाला वास येत असताना घरी आलेल्या मुलाला दारातच धारेवर धरायचं की आधी जेवायला वाढायचं, असं एका आईने मला विचारलं होतं. मी तिला हाच अध्याय वाचायला सांगितला. बोलायचं ते सकाळी बोला, आणि नक्की बोला.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत मुलांना पंडिता रमाबाईंची ओळख करून दिली जाते ती विदुषी म्हणून, समाजसुधारक म्हणून, बायबलचं मराठी भाषांतर करणारी बाई म्हणून. त्या ख्रिस्ताकडे कशा वळल्या, हेही मुलांना सांगा, कारण त्याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या धर्मभगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला आपलं काम पाहायला पाठवलं. समाजाने वाया गेलेल्या म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा दिला जाई. रमाबाईंना तिथे अशा स्त्रिया भेटल्या, ज्या पूर्वी त्या आश्रमात आश्रयाला आल्या होत्या आणि आता आजाऱ्यांची, अपंगांची सेवा करण्यात आयुष्य घालवत होत्या. असल्या बायकांबद्दल कोणाला एवढी कळकळ का वाटावी, हा प्रश्न रमाबाईंना पडला. संस्कृत शास्त्रं कोळून प्यायलेल्या या बाईने तो धर्मभगिनींपैकी एकीला विचारला, आणि तिने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला : भर दुपारी विहिरीवर पाण्याला आलेली शोमरोनी स्त्री, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग सांगितला आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी आणि त्यांच्या लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

पुढे पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं. दुष्काळातल्या निराधार मुली तिथे आल्या, विधवा आल्या. आणि त्या आवारात रमाबाईंनी कृपा सदनही काढलं, खास त्या स्त्रियांसाठी, ज्यांना पतित म्हणून कोणी दाराशी उभं करत नव्हतं. फुलहॅमला जे पाहिलं ते त्यांनी इथल्या मातीत लावलं. मनोरमा आईचं काम पाहत वाढली आणि मोठी झाल्यावर त्याच कामाला लागली. दया कशी करावी हे तिला कोणी वेगळं बसवून शिकवलं असेल असं मला वाटत नाही. तिच्या घरात कोणाकोणाला जागा आहे, हे ती पाहत होती.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात आलेला प्रश्न मला ऐकू येतो. पालकसभेतही तो येतो. असं सगळ्यांना जवळ करायला लागलो तर मुलांना बरंवाईट कळणार कसं? सगळं चालतं असं नाही का वाटणार त्यांना?

प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पाप हे पापच आहे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला येशूने धोंड्यांपासून वाचवलं, पण तिला निरोप देताना पुन्हा पाप करू नकोस असंही सांगितलं. जक्कयला खिशात हात घालावाच लागला. दारूने घर उद्ध्वस्त होतं, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा. लबाडी ही लबाडी आहे, हेही सांगा. फक्त ते सांगताना पलीकडच्या घरातल्या माणसाचं नाव घेऊन त्याला उदाहरण बनवू नका. दारूबद्दल बोला, त्या दारुड्याच्या अब्रूबद्दल नको. आणि तो दारू सोडायला निघाला असेल, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीला जात असेल, तर तेही तितक्याच ठळकपणे मुलांच्या कानावर घाला.

एक गोष्ट मात्र याहून निराळी आहे आणि तिथे माझा सूर मुद्दाम कडक आहे. मुलांवर किंवा कोणा दुबळ्यावर अत्याचार करणाऱ्याला क्षमेच्या नावाखाली पाठीशी घालायचं नाही. घरातलं घरात मिटवा, तो पश्चात्ताप करतोय, त्याच्या बायकोमुलांचं काय होईल, असं म्हणत कित्येक मुलांना गप्प बसवलं गेलं आहे, ख्रिस्ती घरांतसुद्धा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर तक्रार न करणं हाच गुन्हा आहे, आणि ख्रिस्तसभेतही पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली अशा प्रकरणांची वरिष्ठांकडे तक्रार करणं धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना बंधनकारक केलं. अपराध्यासाठी प्रार्थना जरूर करा, त्याला तुरुंगात जाऊन भेटा. पण आधी त्या लेकराला जवळ घ्या आणि त्याचं खरं माना.

तुरुंगाचा विषय निघाला म्हणून सांगते. पोप फ्रान्सिस निवडून आल्यावरचा पहिलाच पवित्र गुरुवार, २८ मार्च २०१३. रोममधल्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन त्यांनी बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. बारा वर्षांनी, १७ एप्रिल २०२५ च्या पवित्र गुरुवारी, जीवघेण्या आजारातून नुकतेच उठलेले असताना ते रेजिना चेली तुरुंगात गेले. या वेळी पाय धुण्याची ताकद उरली नव्हती, तरी भेटायला गेले. २१ एप्रिलला त्यांचं निधन झालं. तुरुंगात गेल्यावर, हे आत आणि मी बाहेर असं का, हा प्रश्न मनात येतो, असं ते वारंवार सांगत. हा प्रश्न घरात मोठ्या मुलांसमोर मोकळेपणाने मांडा. चांगलं घर, शाळेची फी भरणारा बाप, वेळेवर कान धरणारी आजी, हे सगळं आपण कमावलेलं नाही, हे त्यांना त्यातून आपोआप उमगेल.

आमच्या वसईत पतपेढीतल्या अफरातफरीबद्दल शिक्षा भोगून आलेला एक माणूस सुटल्यावरच्या पहिल्या रविवारी मिस्साला आला. शेवटच्या बाकावर, अगदी कडेला बसला. त्या बाकावरच्या दोघी उठल्या आणि पुढे जाऊन बसल्या. थोड्या वेळाने लाल लुगड्यातली एक म्हातारी उशिराने आत आली. तिने छत्री बाकाखाली सरकवली, त्याला म्हणाली, "जरा आत सरक बाबा, पाय दुखतात," आणि नातवासकट त्याच्या शेजारी बसली. शांतीच्या चिन्हाच्या वेळी तिने आधी त्याच्याकडे वळून हात जोडले, मग नातवाने जोडले. मी पलीकडच्या रांगेत होते. दयेचा दुसरा धडा त्या मुलाला वर्गात द्यायची मला गरज उरली नव्हती.

म्हाताऱ्या माणसांकडे हे काम पूर्वापार आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी नियम लिहिले. एखाद्या बंधूला अपराधाबद्दल सगळ्यांपासून वेगळं ठेवलं असेल, तर मठाधिपतीने स्वतः शिक्षा कायम ठेवून, दोन-चार जाणत्या वयस्क बंधूंना गुपचूप त्याच्याकडे पाठवावं. त्यांनी त्याला धीर द्यावा, दुःखात तो बुडून जाऊ नये हे पाहावं, असं त्यात सांगितलं आहे. मठ सोडून गेलेला बंधू सुधारण्याचं वचन देऊन परत आला तर त्याला घ्यावं, आणि हे तीन वेळांपर्यंत करावं, असंही आहे. आपल्या घरांत हे काम आजी करायची. बाप रागावून बसलेला, पोरगं माळ्यावर तोंड लपवून बसलेलं, आणि आजी पदराखालून भाकरी घेऊन वर जायची. बापाला ते दिसायचं आणि तो न पाहिल्यासारखं करायचा. आता घरं लहान झाली, आजी गावाला असते. तरीही तुमच्या मुलासाठी असं एक माणूस ठरवून ठेवा : मामा, आत्या, कोणीही. तुमच्याशी बोलणं बंद पडलं तर कुठे जायचं, हे त्याला आधीपासून ठाऊक असू द्या. आणि त्या माणसाने तुमच्या मुलाचं गुपित तुम्हाला लगेच येऊन सांगितलं नाही म्हणून त्याच्यावर रुसू नका.

पापनिवेदनाच्या रांगेबद्दलही थोडं सांगायचं आहे. आपण मुलांना रांगेत ढकलतो आणि स्वतः मागच्या बाकावर बसून त्यांचं आटोपायची वाट पाहतो. मुलांना वाटतं, हा संस्कार लहानांसाठीच आहे. व्यभिचारात धरलेल्या त्या स्त्रीला मारायला धोंडे घेऊन आलेल्या जमावातून आधी निघून गेले ते वडीलधारे, असं योहानाने नोंदवलं आहे. स्वतःचं पाप आठवायला त्यांच्याकडे वर्षंही जास्त होती. तेव्हा रांगेत पुढे तुम्ही उभे राहा. घरीसुद्धा, मुलावर उगाच ओरडलात तर त्याच दिवशी त्याची माफी मागा, कारणं न देता.

शेवटी उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावाबद्दल, कारण त्याचा आपल्याला विसर पडतो. ज्या घरात एक मूल भरकटतं, त्या घरात बहुधा दुसरं मूल सगळं सांभाळत असतं. ते वेळेवर घरी येतं, आईला दवाखान्यात नेतं, कर्जाचे हप्ते भरतं. धाकटा परत आला की घरात दिवाळी होते आणि थोरला दाराबाहेर उभा राहतो. त्याचा राग खोटा नाही. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याचा वाटा दुप्पट असे, आणि दाखल्यातल्या बापाने वाटणी आधीच करून दिली होती. म्हणजे त्या दिवशी कापलेलं वासरू, वाजंत्रीचा खर्च, सगळं थोरल्याच्याच वाट्यातून गेलं. क्षमेचा खर्च त्याच्या खिशातून झाला आणि त्याला विचारलंही गेलं नव्हतं. दाखल्यातला बाप त्याला दटावत नाही, धाकट्याकडून काही शिक असं सांगत नाही. पाहुणे आत बसलेले असताना तो उठून बाहेर येतो आणि त्याची मनधरणी करतो, माझं आहे ते सगळं तुझंच आहे, याची त्याला आठवण देतो. थोरला आत गेला की नाही, हे लूकने सांगितलेलं नाही.

तुमच्या घरात असं काही घडलं असेल, तर धाकट्यासाठी पैसे मोडण्याआधी, त्याला पुन्हा घरात घेण्याआधी थोरल्याला विश्वासात घ्या. त्याच्याशी वेगळं बोला, धाकटा घरात नसताना. त्याने इतकी वर्षं काय काय केलं ते एकेक करून त्याच्यासमोर बोलून दाखवा. आणि त्याचं सगळं ऐकून होईपर्यंत क्षमेचा शब्दही काढू नका.